वजनाची पाणीपातळी

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठल्या उठल्या एक आकडा बघतो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे? ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. ३९ च्या आसपास सुतारवाड्यात सामान हलवायची गडबड सुरू होते. पुढचे चार फूट चढले की रस्ते बंद, गावं तुटलेली, पेठांत पाणी. त्या वेळी कुणी असं विचारत नाही, की अमक्याच्या घरात पाणी का शिरलं, त्यानं उंबरा उंच का बांधला नाही. अख्खी नदी चढलेली असते. जो सखलात राहतो तो आधी बुडतो, एवढाच फरक.

लठ्ठपणाचा विचार करताना मात्र आपण नेमकं उंबऱ्याकडे बघतो. हा खादाड आहे, ती आळशी आहे, याला जिभेवर ताबा नाही. एकेका माणसाचं वजन का वाढलं याची उत्तरं एकेका माणसात सापडतातही. कुणाच्या घराण्यात स्थूलपणा असतो, कुणाला थायरॉइडचा त्रास असतो, कुणाच्या पाळ्या रात्रीच्या असतात. पण दहा वर्षांत अख्ख्या शहराचंच वजन वाढलं, तर त्याचं उत्तर एकेकाच्या स्वभावात सापडत नाही. दहा वर्षांत लाखो लोकांचा स्वभाव एकदम बिघडत नाही. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ साली हे स्वच्छ मांडलं: या माणसाला आजार का झाला आणि या समाजात आजार इतका का आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी असतात.

पातळी थोडी चढली तर किती घरं बुडतात, ते आकड्यांत बघू. वजन मोजायची नेहमीची पट्टी म्हणजे बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. १६० सेंटिमीटर उंची आणि ६० किलो वजन असेल, तर ६० भागिले २.५६, म्हणजे २३.४. आता एक लाख प्रौढ माणसांचं शहर समजा. त्यांचा सरासरी बीएमआय २२ आहे आणि माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना घंटेच्या आकारात पसरली आहेत, प्रमाण विचलन (म्हणजे पसाऱ्याचं माप) ४. अशा शहरात २५ च्या वर (जगात मानलेली जादा वजनाची रेषा) सुमारे २३ हजार माणसं निघतील आणि ३० च्या वर (लठ्ठपणाची रेषा) २,३००. आता सरासरी फक्त एका अंकानं सरकू द्या, २२ ची २३. १६० सेंटिमीटरच्या माणसाला हा फरक अडीच किलोंचा. आरशात तो दिसणारही नाही. पण २५ च्या वरची माणसं २३ हजारांवरून ३१ हजार होतात आणि ३० च्या वरची २,३०० वरून ४ हजार. सरासरी माणूस जरासा सरकला आणि टोकाची गर्दी पावणेदोन पट झाली.

उलट दिशेनंही हाच हिशेब लागू पडतो, आणि प्रतिबंधाची सगळी आशा त्यातच आहे. चार हजार माणसांना गाठून प्रत्येकाकडून वीस किलो उतरवणं महाकठीण. एक लाख माणसांचे अडीच किलो उतरवणं, किंवा मुळात चढू न देणं, हे शहराच्या आवाक्यातलं काम आहे.

साठ कॅलरींचा हिशेब

अडीच किलो येतात कुठून? अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रौढांसाठी एक ठोकताळा दिला, तो फार उपयोगी आहे. रोजच्या खाण्यात कायमचा २४ कॅलरींचा फरक पडला, की वजनात शेवटी साधारण एका किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात दिसतो आणि जवळपास सगळा तीन वर्षांत. म्हणजे अडीच किलोंसाठी रोजच्या ६० कॅलरी पुरतात.

६० कॅलरी म्हणजे १५ ग्रॅम साखर. किंवा ७ ग्रॅम तेल, चहाचे दीड चमचे. माणशी, रोज, एवढंच. एक सपाट चमचा साखर ५ ग्रॅमची धरली तर कपात दोन चमचे घालणाऱ्या घरात हा आकडा दीड कप चहात गाठला जातो.

म्हणूनच लठ्ठपणावर बोलताना रविवारच्या तांबड्या-पांढऱ्याला पहिला दोष देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आठवड्यातून एकदा पोटभर जेवलेलं मटण, जोतिबाच्या यात्रेतला प्रसाद, दिवाळीचा फराळ यानं सरासरी हलते ती थोडी. ती हलते रोजच्या, न मोजलेल्या, सवयीनं पोटात जाणाऱ्या गोष्टींनी. सकाळचा टोस्ट, खारी, दुपारी दुकानात आलेला चहा, संध्याकाळी वाटीभर फरसाण, भाजीतली तेलाची वाढीव पळी. सणावर घाला घालणाऱ्या मोहिमा लोक ऐकत नाहीत, आणि त्यांचं बरोबरही आहे.

तेलापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा हिशेब तिथंच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २,००० कॅलरींच्या ताटात तेल-तुपासाठी २७ ग्रॅम धरले आहेत. देशात खाद्यतेलाचा वापर माणशी वर्षाला १९ किलोंच्या पुढे गेला आहे, म्हणजे रोज पन्नास ग्रॅमच्या वर. आपलं घर कुठं बसतं हे तपासायला वजनकाट्याची गरज नाही. १५ किलोंचा डबा फोडला, की त्या दिवशीची तारीख मार्करनं डब्यावरच लिहायची. चार माणसांच्या घरात माणशी २७ ग्रॅम धरले तर डबा साडेचार महिने पुरायला हवा. तो सव्वादोन महिन्यांतच संपला तर घर दुप्पट तेल खातंय. यात बाहेरची भजी, वडा, मिसळ आलेली नाही, शेंगदाण्याचं कूट आणि खोबरंही आलेलं नाही, हे ध्यानात ठेवायचं. पिशवीतलं तेल आणणाऱ्यांनी लिटर आणि किलोत गल्लत करू नये: एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं.

‘आमचं तेल घाण्याचं आहे’ किंवा ‘आम्ही फक्त साजूक तूप खातो’ असं सांगून हा हिशेब टळत नाही. घाण्याचं असो, रिफाइंड असो, एका ग्रॅम तेलात ९ कॅलरीच असतात. हृदयासाठी कुठलं तेल बरं, हा निराळा आणि खरा प्रश्न आहे. वजनासाठी मात्र आधी प्रमाण.

मिसळीचं उदाहरण घ्या. मोड आलेली मटकी म्हणजे प्रथिनं, चोथा आणि पोटाला आधार. बशीतला हा भाग वजनाच्या हिशेबात सगळ्यात सज्जन. कॅलरी चढतात त्या कटावर तरंगणाऱ्या तवंगात, मूठभर फरसाणात आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या पावात. फरसाण-शेवेत १०० ग्रॅमला ५०० च्या वर कॅलरी भरतात. ३० ग्रॅमच्या मुठीत दीडशे गेल्याच. ‘भावा, कट वाढ की’ म्हणणाऱ्याला कुणी अडवू नये. पण दुकानदारानं पातेल्यावरचा तवंग पळीनं बाजूला काढून मागणाऱ्यालाच दिला, फरसाण मुठीऐवजी ठरावीक चमच्यानं घातलं, मटकी थोडी वाढवली, तर गिऱ्हाइकाला चवीत फसवल्यासारखं वाटत नाही. दिवसाला दोनशे बशा जाणाऱ्या ठिकाणी असा एक बदल दोनशे माणसांना दिलेल्या व्याख्यानापेक्षा जास्त काम करतो. कारण तो कुणाच्या निश्चयावर अवलंबून नाही. न मागता जे समोर येतं तेच बहुतेक माणसं खातात. लोकसंख्येच्या पातळीवरचं बहुतेक काम हे न मागता समोर येणारं बदलण्याचं असतं.

चहाचंही तसंच. उद्यमनगरातलं वर्कशॉप असो, लक्ष्मीपुरीतली पेढी असो की कॉलेजचं कँटीन, चहा साखर पडूनच येतो. पन्नास कपांना अर्धा किलो साखर पडत असेल तर माणशी १० ग्रॅम. ती एकदम निम्म्यावर आणली, की दुसऱ्याच दिवशी बोंब होते आणि आठवड्यात जुना गोडवा परत येतो. नेमकं इथंच बहुतेकांचं चुकतं. दर पंधरवड्याला पन्नास ग्रॅम कमी करायची: ५०० च्या ४५०, मग ४००. पाचव्या कपातीला २५० वर पोचता, आणि जिभेला सवय होत जाते. ज्याला हवी त्याला वरून घ्यायला साखरेची बरणी ठेवायची, म्हणजे भांडण होत नाही. दिवसाला चार कप पिणाऱ्याच्या पोटातून २० ग्रॅम साखर गेली, ८० कॅलरी. साठाचा हिशेब एकट्या चहात पुरा झाला आणि कुणाला डाएट करावं लागलं नाही.

आता गुळाबद्दल. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळावरच्या ताज्या काकवीची चव ज्यानं घेतली त्याला ती सांगावी लागत नाही. अभिमान बाळगावा अशीच ती चीज आहे. पण वजनाच्या हिशेबात १०० ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास कॅलरी आहेत, साखरेत ४००. साखरेऐवजी गूळ घातलेला चहा म्हणजे गोड चहाच. गुळात लोह असतं, हे म्हणणं खरं आहे. पण ते मिळावं म्हणून जेवढा गूळ खावा लागेल तेवढा कुणीच खाऊ नये. ऊस ज्या जिल्ह्याचं पोट भरतो तिथं हे लिहिणं अवघड असलं तरी ते टाळता येत नाही.

खुराक सुरू, कुस्ती बंद

या गावाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तालमीतला पैलवान पहाटे उठून हजारानं जोर-बैठका मारतो, मातीत घामाघूम होतो, आणि मग बदाम-खसखस घोटलेली थंडाई, लिटरानं दूध, तूप, मटण त्याच्या अंगी लागतं. तोच पैलवान तिशीत कुस्ती सोडून दुकानात बसला आणि खुराक तसाच राहिला, तर दोन-तीन वर्षांत काय होतं ते प्रत्येक पेठेनं पाहिलंय.

शहराचं थोडंफार तेच झालं. सायकलीची जागा दुचाकीनं घेतली, मोट-नांगराची जागा मोटारपंप आणि ट्रॅक्टरनं, पाटा-वरवंट्याची मिक्सरनं. यातली एकही गोष्ट वाईट नाही. ज्या बाईनं पाट्यावर वाटण केलंय ती मिक्सरला नावं ठेवणार नाही. फक्त पैलवानाची उपमा पुढं ताणायची तर एक दुरुस्ती हवी: शहराचा खुराक तसाच राहिला नाही, तो वाढला, आणि त्याचा पोतही बदलला.

पोत महत्त्वाचा का? अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० माणसांना संशोधन केंद्रातच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया होऊन आलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं, घरगुती पद्धतीचं. समोर मांडलेल्या ताटांत कॅलरी, साखर, चरबी, चोथा, मीठ सारखंच ठेवलं होतं. हवं तेवढं खायची मुभा होती. पाकीटबंद आठवड्यांत तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोनं वाढली. ती जेवतही होती भराभर. मऊ, कोरडं, चावायला न लागणारं अन्न पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायच्या आत खाऊन संपतं. ज्वारीची भाकरी, झुणका, कांदा चावून खायला वेळ लागतो. चहात बुडवलेले चार टोस्ट दोन मिनिटांत जातात.

चालण्याचं महत्त्व आहे, फक्त त्याच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवू नये. ६० किलोंच्या माणसाला दोन किलोमीटर चालून साधारण ६०-७० कॅलरी जादा लागतात, पंचवीस मिनिटांचं काम. एका वडापावाला सहज २५०-३०० कॅलरी असतात. म्हणून ‘रंकाळ्याला एक चक्कर मारून येतो, मग चालतंय’ हा हिशेब जमत नाही. चालण्याचा फायदा साखर, रक्तदाब, झोप, सांधे यांना अफाट होतो, आणि रोजचं चालणं वजन परत चढू देत नाही. पण ते रोज व्हायचं असेल तर निश्चयापेक्षा पदपथ कामाला येतो. फेरीवाल्याला जागा देऊनही माणसाला चालायला दीड-दोन मीटर मोकळं राहील असा पदपथ, शाळेसमोर रस्ता ओलांडायची सोय, केएमटीच्या थांब्यापर्यंत उजेड. बसनं जाणारा माणूस थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून चालतोच. दुचाकीवाला दारातून दारात जातो.

मैदानांची एक गोष्ट इथं जोर देऊन सांगायला हवी. फुटबॉलचं वेड आणि तालमींचा वारसा असलेल्या या गावात खेळाची कमतरता आहे असं कुणी म्हणणार नाही. पण मैदानावर आणि तालमीत कोण दिसतं? बहुतांश मुलगे आणि पुरुष. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला; त्याआधीच्या पाहणीत तो आकडा २०.६ होता. चाळिशीतल्या बाईला सकाळी डबे, संध्याकाळी स्वयंपाक. मधल्या वेळेत ती पंचगंगा घाटावर पळायला जाणार नाही. पेठेतल्या तालमीचा हॉल दुपारी तीन ते पाच बायकांसाठी राखला, आत स्वच्छ स्वच्छतागृह आणि दाराला कडी असली, शिकवायला बाईच असली, तर गर्दी होईल. मैदानावर आठवड्यातले तीन दिवस मुलींच्या संघांचे ठरले आणि ते फलकावर लिहिले, तर मुली येतील. यात खर्च कमी आणि ठरवायचं जास्त.

बारीक दिसणारे

आपल्याकडे पाणी आत शिरतं ते बाहेरून दिसत नाही, ही आणखी एक अडचण. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच होता, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ साली दोघांच्या फोटोसह हे छापून आलं आणि जगभर गाजलं. भारतीय अंगकाठीत स्नायू कमी आणि पोटात, यकृताभोवती चरबी जास्त असा कल असतो. म्हणून जगात २५ आणि ३० या रेषा मानतात तिथं भारतीयांसाठी २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात लठ्ठपणा २८.६ टक्के लोकांत, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत आढळला. मधली दहा-अकरा टक्के माणसं वजनकाट्याला फसवून जातात.

त्यामुळे घरात काट्यापेक्षा शिंप्याची टेप कामाची. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरायची. कपड्यावरून नाही. श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही, टेप कातडीत रुतवायची नाही. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपली इशारा पातळी. बहुतेक पुरुष पँटच्या मापावर विसंबतात आणि तिथंच चुकतात: पोट सुटतं तशी पँट खाली सरकते, माप ३४ च राहतं.

या चरबीची सुरुवात आईच्या पोटात होते. याज्ञिक यांच्या पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हाडामांसानं कमी भरली, पण त्वचेखालची चरबी त्यामानानं टिकून होती. आईला गर्भारपणात पोषण कमी, मग बाळ ‘अंग धरत नाही’ म्हणून बिस्किटं, साखर घातलेलं दूध, डब्यातली पावडर. वजन झपाट्यानं चढतं ते चरबीचं. गुटगुटीत बाळाचं कौतुक आपल्या हाडात आहे, पण पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढं वरण-भात, अंडं, उसळ, फळ यानं धरलेलं बाळसं वेगळं. कुपोषण आणि लठ्ठपणा यांची दोन वेगळी खाती करून दोन वेगळ्या मोहिमा चालवू नयेत, ते याच कारणानं. अंगणवाडीत गर्भवतीला मिळालेलं अंडं आणि डाळ दोन्हीकडे कामी येतं.

हातातले दरवाजे आणि हाताबाहेरचे

पुराच्या दिवसांत राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हे आपण बघतो, आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग किती सुरू आहे याचीही चौकशी करतो. दुसरा कोल्हापूरच्या हातात नसतो. वजनाचंही असंच आहे: काही दरवाजे शहराच्या हातात, काही दिल्लीत.

दिल्लीतला मोठा दरवाजा म्हणजे कर. मेक्सिकोनं जानेवारी २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षात खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली आणि डिसेंबरपर्यंत घट १२ टक्क्यांवर गेली. ब्रिटनची २०१८ ची रचना जास्त हुशारीची. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमखाली साखर असेल तर कर नाही, ५ च्या वर एक दर, ८ च्या वर चढा दर. कंपन्यांनी कर भरण्याऐवजी साखरच उतरवली, अनेकांनी कर लागू होण्याआधीच. आपल्याकडे शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, पण बाटलीत साखर किती यावर तो बदलत नाही. त्यामुळे साखर कमी करणाऱ्याला काहीच बक्षीस नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीन, बिस्किटं, चॉकलेट ५ टक्क्यांच्या टप्प्यात आली. महागाईच्या बाजूनं ते समजण्यासारखं आहे, आरोग्याच्या बाजूनं उलट्या दिशेचं. चिलीनं २०१६ पासून पाकिटाच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोन छापायला लावला, ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’ असा. जाहिरातींवरच्या बंधनांसह हे आलं आणि गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी उतरली. पौष्टिकतेनुसार पाकिटावर तारे देण्याच्या पद्धतीपेक्षा असा इशारा बरा. फरसाणाच्या पुड्यावर दीड तारा दिसला तरी गिऱ्हाइकाला ती शाबासकीच वाटते.

तोवर पाकीट मागं वळवून बघायची सवय लावून घ्यावी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या तिघांत साखर, मैदा आणि पामतेल असेल तर पुढं ‘मल्टिग्रेन’ लिहिलेलं असो वा नसो, काय ते कळलं. आकडे नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यात वाचायचे. ‘एका सर्व्हिंगला’ हा रकाना छान दिसतो, कारण सर्व्हिंग १५-२० ग्रॅमची धरलेली असते आणि पोरगं पुडा संपवतं.

शहराच्या हातातला सगळ्यात जवळचा दरवाजा म्हणजे शाळेचं फाटक. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. ५० मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ६७ पावलं. पालकसभेच्या दिवशी चार पालकांनी मोजून बघावीत. बरेचदा सगळं बिनसतं ते या टप्प्यावर. अतिक्रमणाची गाडी येते, हातगाडी उचलली जाते, आठवड्यानं तीच गाडी पुन्हा उभी. हातगाडीवर एक घर चालतं, हे विसरून काढलेला तोडगा टिकत नाही. त्याच मामांना उकडलेल्या शेंगा, काकडी, पेरू, भाजलेली कणसं, ताक, मोड आलेल्या मटकीची कोरडी भेळ विकायला सांगा, शाळेनं मधल्या सुट्टीचा धंदा त्यांना लेखी द्यावा, मग ते स्वतःच शेजारच्या चिप्सच्या माळा उतरवतील.

शाळेत मुलांची उंची-वजनं घेतात तिथंही जपायला हवं. काटा कडक फरशीवर, बूट काढून, उंची मोजताना टाच-पाठ-डोकं भिंतीला. मुलांचा बीएमआय मोठ्यांच्या आकड्यांशी ताडायचा नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या वयानुसार तक्त्यावर बिंदू टाकायचा. आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, वर्गात तर नाहीच. ज्या मुलाला वर्गासमोर ‘ढोल्या’ ऐकावं लागलं ते खेळाच्या तासाला आजारी पडतं, आणि घरी जाऊन लपून खातं. चेष्टेनं वजन वाढतं, कमी होत नाही.

आता आठवड्याला एक टोचायची नवी औषधं आली आहेत. ज्याचं वजन आधीच धोका पातळीच्या वर आहे आणि डॉक्टरांनी सांगितलंय त्याच्यासाठी ती बोटीसारखी आहेत, घ्यावीत. बोटींनी नदी उतरत नाही, इतकंच.

पेठेनं, महाविद्यालयानं किंवा एखाद्या कारखान्यानं हे काम अंगावर घ्यायचं ठरवलं, तर मोजणीचा एक धोका आधी समजून घ्यावा. सहा महिन्यांनी पन्नास माणसं तोलून ‘काही फरक नाही’ म्हणत बहुतेक उपक्रम बंद पडतात. सरासरी बीएमआयमध्ये अर्ध्या अंकाचा बदल खात्रीनं ओळखायचा, तर दर खेपेला चिठ्ठी टाकून निवडलेली हजारभर माणसं मोजावी लागतात, आणि मधे तीन वर्षं जाऊ द्यावी लागतात. स्वतःहून तपासणीला येणाऱ्यांवरून शहर कळत नाही; ते आधीच सावध झालेले असतात. तोवर बघायचं ते कँटीनच्या साखरेच्या पोत्याकडे: महिन्याला किती पोती लागायची, आता किती लागतात. तेलाच्या डब्यावरच्या तारखेकडे. शाळेत चालत येणाऱ्या मुलांच्या संख्येकडे, मोजणी दर वर्षी त्याच महिन्यात. पहिल्या वर्षी कमरेची मापं उतरणार नाहीत. वाढायची थांबली तरी ती बातमी आहे. राजाराम बंधाऱ्यावरचा आकडाही आधी रात्रभर तिथंच थांबतो आणि मग इंचाइंचानं खाली येऊ लागतो.